मोनोरेल थांबली, वस्त्यांनी चालतच राहायचे काय?

चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक अशी धावणारी मुंबईची मोनोरेल २० सप्टेंबर २०२५ रोजी बंद करण्यात आली. नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवायची असल्याने सेवा तात्पुरती स्थगित करीत आहोत, असे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने जाहीर केले. त्याआधी महिनाभर, १९ ऑगस्ट २०२५ रोजी, मुसळधार पावसाने हार्बर लोकल ठप्प झाली आणि घरी परतणाऱ्या कष्टकऱ्यांचा लोंढा मोनोरेलकडे वळला. गाडीला भार पेलवला नाही. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्या दरम्यान ती उंचावर बंद पडली, आतली वीज गेली, माणसे घुसमटली आणि अग्निशमन दलाला शिड्या लावून ५८२ प्रवासी खाली उतरवावे लागले. पुढे ५ नोव्हेंबर २०२५ रोजी वडाळा डेपोजवळ चाचणीच्या वेळी नवी गाडीही कलंडली.

मोनोरेल बंद झाल्यानंतर अवघ्या १८ दिवसांनी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच मुंबईत मेट्रो ३ च्या कफ परेडपर्यंतच्या अखेरच्या टप्प्याचे पंतप्रधानांच्या हस्ते थाटामाटात उद्‌घाटन झाले. आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलमार्गे कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके आणि ३७ हजार कोटींहून अधिक खर्च. जमिनीखालून जाणारी, वातानुकूलित, झगझगीत. मेट्रो ३ झाली याचे आम्हाला दुःख नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही प्रकल्प जनतेच्या पैशाचे, दोन्ही एकाच शहरातले, दोघांचाही कारभार शासनाच्याच हाती. मग एका गाडीला रेड कार्पेट आणि दुसरीला गंज, हे कसे घडले? याचा विचार आंबेडकरी चळवळीने केला पाहिजे. कारण शहराची वाहतूक हा केवळ अभियंत्यांचा विषय नाही. शहरावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

मार्ग कोणाच्या दारातून गेला?

मोनोरेलची स्थानके वाचून पाहा. चेंबूर, फर्टिलायझर टाऊनशिप, भारत पेट्रोलियम, म्हैसूर कॉलनी, वडाळा डेपो, गुरू तेगबहादूर नगर, अँटॉप हिल, नायगाव, आंबेडकर नगर, मिंट कॉलनी, लोअर परळ आणि शेवटी संत गाडगे महाराज चौक. ही नावे म्हणजे आपल्या समाजाचा मुंबईतील पत्ताच आहे. एका टोकाला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुराखाली जगणारी चेंबूर-माहुलची वस्ती, मध्ये अँटॉप हिलच्या झोपड्या, पुढे नायगाव-परळच्या चाळी. याच परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांच्या कुटुंबाने दोन दशके काढली. याच पट्ट्यातील गिरणी कामगारांनी, गोदी कामगारांनी, सफाई कामगारांनी चळवळ उभी केली.

या मार्गावर वाहतुकीची गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. तरीही १ फेब्रुवारी २०१४ रोजी सुरू झालेला पहिला टप्पा चेंबूरहून वडाळा डेपोपर्यंतच आणला गेला. डेपोत उतरून माणसाने जायचे कुठे, याचे उत्तर पाच वर्षे कोणी दिले नाही. दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात, ९ नोव्हेंबर २०१७ रोजी म्हैसूर कॉलनी स्थानकात डब्यांना आग लागली आणि सेवा जवळपास दहा महिने बंद राहिली. मलेशियन कंपनी आणि तिच्या भारतीय भागीदाराला दिलेले कंत्राट डिसेंबर २०१८ मध्ये रद्द करावे लागले. करारात ठरलेल्या सर्व गाड्या कधी आल्याच नाहीत. आल्या त्यातील कित्येक सुट्या भागांअभावी डेपोत उभ्या राहिल्या. जी यंत्रणा एकाच विदेशी कंपनीला दुरुस्त करता येते, ती कंपनी गेली की यंत्रणाही जाते, हे साधे व्यवहारज्ञान सुमारे तीन हजार कोटी रुपये खर्च करताना कोणाला सुचले नाही.

गाड्या कमी, म्हणून दोन फेऱ्यांमध्ये मोठे अंतर. अंतर मोठे, म्हणून प्रवासी कमी. प्रवासी कमी, म्हणून तोटा. आणि तोटा, म्हणून नव्या गाड्यांना पैसा नाही! हे दुष्टचक्र राज्यकर्त्यांनी स्वतः निर्माण केले आणि दोष मात्र प्रवाशांच्या माथी मारला. "लोकांना मोनोरेल नको आहे" असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. १९ ऑगस्टच्या संध्याकाळी त्या एका गाडीत कोंबलेल्या ५८२ माणसांनी या खोट्या युक्तिवादाला उत्तर दिले आहे. गाडी वेळेवर येत असती आणि रेल्वे स्थानकाला नीट जोडलेली असती, तर लोक तिच्याकडे केवळ संकटात धावले नसते, रोज आले असते. स्थानकाच्या पाटीवर ‘दादर पूर्व’ लिहिले, पण ते दादर रेल्वे स्थानकापासून दूर. पाटीवर ‘आंबेडकर नगर’ लिहिले, पण त्या पाटीखाली गाडीची वाट पाहत उभे राहणाऱ्याचा सन्मान राखला नाही. महापुरुषांची नावे स्थानकांना देणे सोपे असते. त्या नावाला शोभेल अशी सेवा देणे हे खरे काम, आणि तेच टाळले गेले.

हलकी रेल्वे म्हणजे काय?

मोनोरेल फसली म्हणून हलक्या रेल्वेची कल्पनाच टाकाऊ आहे, असे मानण्याचे कारण नाही. लोकल आणि मेट्रो ही अवजड व्यवस्था. तासाला तीस-चाळीस हजार किंवा त्याहून अधिक माणसे एका दिशेने न्यायची असतील तेथे तिला पर्याय नाही. त्याखालोखाल बस. या दोहोंच्या मधली व्यवस्था म्हणजे हलकी रेल्वे: दोन-तीन डब्यांची, रस्त्याच्या कडेने किंवा मधोमध स्वतःच्या राखीव पट्ट्यातून धावणारी, जमिनीलगत फलाट असलेली. केंद्र सरकारने २०१९ साली ‘मेट्रोलाइट’ या नावाने तिची मानके जाहीर केली. तासाला १५ हजारांपर्यंत प्रवासी नेणारी ही व्यवस्था नेहमीच्या मेट्रोच्या सुमारे ४० टक्के खर्चात होऊ शकते, असे केंद्राचेच म्हणणे आहे. त्याखेरीज रबरी चाकांची, वरून विजेची तार असलेली ‘मेट्रो निओ’ तासाला आठ हजार प्रवाशांसाठी.

मुंबईला हे नवीन नाही. १८७४ साली या शहरात घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. नव्वद वर्षे ट्रामने या शहराला घडवले. गिरण्या, गोदी, बाजार आणि चाळी यांना तिने एका धाग्यात ओवले. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. ‘दादर टी.टी.’ या नावातला ‘ट्राम टर्मिनस’ आजही लोकांच्या तोंडी आहे. ट्राम मात्र मोटारगाड्यांना अडथळा होते म्हणून उखडली गेली. कोलकात्यातही तेच झाले. १८७३ पासूनची तिथली ट्राम वारशापुरता एक छोटा मार्ग सोडून बंद करण्याची घोषणा राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये केली. रस्त्यावर शंभर माणसे वाहणारी ट्राम अडथळा, आणि एकेका माणसाला घेऊन उभ्या असलेल्या शंभर मोटारी म्हणजे प्रगती! रस्ता सर्वांच्या मालकीचा असताना त्याची वाटणी कशी झाली, हे यातून कळते. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याचा रस्त्यावरचा वाटा हळूहळू काढून घेतला गेला.

आमच्या महाराष्ट्रात हलक्या रेल्वेच्या घोषणांना मात्र तोटा नाही. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटींचा आकडा वाचला गेला. काम मात्र रखडले. ठाण्यात आधी हलक्या रेल्वेचा विचार झाला, आणि १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर झाली ती २९ किलोमीटरची, १२,२०० कोटींची वर्तुळाकार मेट्रो. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणानुसार बस, ट्राम, हलकी रेल्वे, मेट्रो या सर्व पर्यायांची तुलना करूनच निर्णय घ्यायचा असतो. ही तुलना कोणी केली, त्यात काय निघाले, हे ज्या वस्त्यांतून मार्ग जातो तेथील किती लोकांना मराठीतून समजावून सांगितले गेले? आमच्या माहितीत तरी अशी जाहीर सभा झालेली नाही.

इतर देशांनी काय केले?

फ्रान्सने आपल्या बहुतेक ट्राम महायुद्धाच्या आसपासच्या काळात उखडून टाकल्या होत्या. नंतर तोच देश शहाणा झाला. १९८५ साली नांत शहरात नवी ट्राम आली, १९८७ साली ग्रेनोबलला, १९९४ साली स्ट्रासबुर्गला. स्ट्रासबुर्गमध्ये तर भुयारी स्वयंचलित मेट्रो की रस्त्यावरची ट्राम, हा निवडणुकीचाच मुद्दा झाला होता. लोकांनी ट्रामच्या बाजूने कौल दिला. शहराच्या मध्यभागातून मोटारी हटल्या, चालणाऱ्याला जागा मिळाली, कामगार वस्त्या मध्यवस्तीशी जोडल्या गेल्या. आणि पैसा कोठून आला? फ्रान्समध्ये १९७० च्या दशकापासून ठरावीक संख्येपेक्षा अधिक कामगार असलेल्या मालकांकडून वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो. कामगार वेळेवर कामावर पोहोचला तर फायदा मालकाचा होतो, म्हणून खर्चातला वाटाही मालकाने उचलायचा, असा तो सरळ न्याय आहे.

कोलंबियातील मेदेयीन शहरात डोंगरउतारावर गरिबांच्या वस्त्या आहेत. २००४ साली तेथे केबलचे पाळणे वस्तीपर्यंत नेऊन मेट्रोला जोडले, पुढे अयाकुचो रस्त्यावर ट्राम आली. आधी वस्ती, मग बाजारपेठ, असा क्रम त्यांनी लावला.

उलट उदाहरणही आहे. इथिओपियाच्या अदिस अबाबा शहरात २०१५ साली चिनी कर्जातून हलकी रेल्वे उभी राहिली. सुरुवातीला जगभर कौतुक झाले. काही वर्षांतच सुट्या भागांअभावी ४१ पैकी बहुतेक गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. आपल्या मोनोरेलची हीच कहाणी नव्हे काय? तंत्रज्ञान आणणे हा एका दिवसाचा समारंभ. ते चालवणे हे तीस-चाळीस वर्षांचे कर्तव्य. समारंभाला नेते येतात, कर्तव्याला कोणी येत नाही.

मसूर स्टेशनची आठवण

वाहतुकीच्या भाषेत ‘शेवटचा टप्पा’ असा शब्द अलीकडे रुळला आहे. स्थानकापासून घरापर्यंतचा जो तुकडा असतो, तो. आपल्या समाजाला हा शब्द कोणत्याही तज्ज्ञाने शिकवण्याची गरज नाही. १९०१ साली लहानगा भीमराव आपल्या भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला. आगगाडीने त्यांना मसूर स्टेशनपर्यंत सुखरूप नेले. तिकीट काढले, डब्यात बसले, जात कोणी विचारली नाही. स्टेशनवर मात्र ही मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत बसवायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर, गाडीवान बाजूने चालत, तो प्रवास झाला. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

या प्रसंगात वाहतुकीचे सगळे राजकारण आहे. रेल्वे ही सार्वजनिक व्यवस्था होती, नियमाने चालत होती, तिकीट घेईल तो प्रवासी. बैलगाडी खासगी होती, गाडीवानाच्या मर्जीवर होती. जेथे सार्वजनिक व्यवस्था संपली, तेथे जात सुरू झाली. आज शहरात कोणी जात विचारून गाडीत घेत नाही हे खरे. पण शेवटचा टप्पा अजूनही दुप्पट भाड्याचाच आहे. तेव्हा दुप्पट भाडे जातीमुळे पडत होते, आज ते वस्तीच्या पत्त्यामुळे पडते. आणि वस्तीचा पत्ता कसा ठरला, हे विचारले की पुन्हा जातीपाशीच येऊन पोहोचतो.

एक साधा हिशेब मांडू. वाशी नाक्याहून घरकामाला निघालेली एखादी भगिनी बसचे १० रुपये देते. मे २०२५ मध्ये बेस्टने किमान भाडे ५ वरून १० रुपये केले, म्हणजे एका फटक्यात दुप्पट. पुढे मेट्रोचे ३० रुपये धरा, उतरल्यावर पुन्हा बसचे १०. जाण्याचे ५० आणि येण्याचे ५०. महिन्याचे २६ दिवस कामाचे धरले तर २,६०० रुपये. एका घरच्या धुणीभांड्याचा महिन्याचा पगार प्रवासातच गेला! म्हणून ती मेट्रोत बसत नाही. ती लोकलच्या दुसऱ्या वर्गाचा पास काढते, गर्दीत लोंबकळते आणि उरलेले अंतर पायी तोडते. मग अहवालात लिहिले जाते की, अपेक्षित प्रवासीसंख्या गाठता आली नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजीच ‘मुंबई वन’ नावाचे अ‍ॅप सुरू झाले. लोकल, मेट्रो, मोनो, बस या सर्वांचे तिकीट आता एका ठिकाणी मिळते असे सांगितले जाते. पण तिकीट एका ठिकाणी मिळणे वेगळे आणि तिकीट एकच असणे वेगळे. प्रत्येक गाडी बदलताना नवे किमान भाडे द्यावेच लागत असेल, तर चार तिकिटे एका मोबाईलमध्ये आली यात गरिबाच्या खिशाला काय मिळाले?

कायदा काय सांगतो?

आम्ही वकिलीच्या व्यवसायात असल्याने कायद्याची बाजू मांडणे आमचे कर्तव्य समजतो. मेट्रोचे भाडे ठरते ते २००२ च्या मेट्रो रेल्वे (संचालन आणि देखभाल) कायद्यानुसार. सुरुवातीचे भाडे मेट्रो चालवणारे प्रशासन स्वतःच ठरवते. त्यानंतरच्या बदलासाठी कलम ३४ खाली भाडे निश्चिती समिती नेमली जाते. तीत अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायमूर्ती, एक प्रतिनिधी केंद्राचा, एक राज्याचा. प्रवाशांचा प्रतिनिधी? कायद्यात त्याला जागाच नाही. ज्याने भाडे द्यायचे तोच भाडे ठरवणाऱ्या खोलीच्या बाहेर.

याचा परिणाम मुंबईने पाहिला आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. शासन ९ ते १३ रुपये म्हणत होते, चालवणाऱ्या खासगी कंपनीला ते मान्य नव्हते. २०१५ साली भाडे निश्चिती समितीने १० ते ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली. अकरा किलोमीटरच्या मार्गासाठी ११० रुपये! अखेर डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयात गेल्यामुळे ती वाढ टळली हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरी बाब विस्थापनाची. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या १९८५ सालच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. गरीब माणूस कामाच्या जागेजवळ राहतो कारण प्रवासाचा वेळ आणि पैसा त्याला परवडत नाही, हे वास्तव न्यायालयाने तेव्हाच नोंदवले. चाळीस वर्षे झाली. आपल्या नियोजनकारांनी हा निकाल वाचला आहे असे वाटत नाही. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या रुंदीकरणात हटवलेली हजारो कुटुंबे मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये आणि चेंबूरच्या वाशी नाक्याला २२५ चौरस फुटांच्या खोल्यांत नेऊन टाकली गेली. पुनर्वसनातील त्रुटींमुळे २००६ साली जागतिक बँकेलाही त्या प्रकल्पाचा काही निधी काही काळ रोखावा लागला होता. तानसा जलवाहिनीलगतच्या रहिवाशांना तर माहुलला, कारखान्यांच्या विषारी हवेत, पाठवले. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की त्यांना तेथे राहायची सक्ती करू नका, पर्यायी घर द्या नाही तर दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या.

आता विचार करा. ज्यांना शहराच्या सोयीसाठी हटवले, त्यांच्या नव्या पत्त्याशेजारून जाणारी उन्नत गाडी म्हणजे मोनोरेल. आणि बंद पडली तीही तीच. ही अन्यायाची दुहेरी शिक्षा आहे.

जमिनीचे भाव आणि नफ्याची वाटणी

रेल्वे जेथे जाते तेथे जमीन सोन्याची होते. हे ट्रामच्या काळापासून चालत आले आहे आणि हलक्या रेल्वेचा शहरविकासातील खरा प्रभावही हाच. नागपूरचेच पाहा. ८ मार्च २०१९ रोजी पहिला टप्पा आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी उरलेले मार्ग सुरू झाले. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय देण्याचे धोरण शासनाने आणले. याच मार्गांवर इंदोरा चौक आहे, गड्डीगोदाम आहे, आंबेडकर चौक आहे. नागपूरच्या चळवळीच्या इतिहासात इंदोऱ्याचे स्थान वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. या पट्ट्यातील जुन्या घरांच्या जागी उद्या मनोरे उभे राहतील, तेव्हा त्यात आमच्या माणसाची खोली असेल की नाही? की जादा एफएसआय विकासकाला, प्रीमियम शासनाला आणि जुन्या रहिवाशाला पुन्हा शहराच्या वेशीबाहेरची वाट? वेशीबाहेर राहण्याचा अनुभव आम्हाला पुरेसा आहे.

शिवाय १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर येथे मालमत्ता खरेदीवर एक टक्का मेट्रो उपकर लागतो. आयुष्याची पुंजी लावून बदलापूर-अंबरनाथकडे ढकलला गेलेला माणूस कसाबसा ठाणे जिल्ह्यात छोटेसे घर घेतो, त्यालाही या कराची झळ पोहोचू शकते. मेट्रोच्या स्थानकाशेजारी ज्याच्या भूखंडाची किंमत फुकटात कित्येक पटींनी वाढली त्याच्याकडून मात्र त्या वाढीच्या प्रमाणात वसुली नाही. अनुच्छेद ३९ (ख) नुसार समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हितासाठी व्हावी, असे राज्याला बजावलेले आहे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले जमिनीचे मूल्य हे सर्वांच्या हिताचे नाही तर कोणाचे?

नागपूरचीच आणखी एक गोष्ट. दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाचे खोदकाम सुरू झाले तेव्हा स्तूपाला धोका पोहोचेल या चिंतेने १ जुलै २०२४ रोजी अनुयायी रस्त्यावर उतरले आणि शासनाला ते काम थांबवावे लागले. तो प्रश्न श्रद्धेचा होता, तसाच तो वाहतुकीच्या दृष्टीचाही होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनी येणारी लाखो माणसे रेल्वेने, बसने, ट्रकने आणि पायी येतात. त्यांच्यासाठी जमीन खोदून मोटारींचे तळ कशाला? मेट्रोच्या जवळच्या स्थानकांपासून सावलीचा रुंद पायरस्ता, पाणी, स्वच्छतागृहे आणि त्या दिवसांसाठी सवलतीचे तिकीट द्या. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आमची भूमिका

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात, मेट्रो ही श्रीमंतांची, तिच्याशी आपल्याला काय देणेघेणे? ही भूमिका आम्हाला मान्य नाही. खेडे म्हणजे काय असते याचे परखड विश्लेषण बाबासाहेबांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केले होते. शहराने आपल्या माणसाला नाव न विचारता काम दिले, शाळा दिली, गाडीत जागा दिली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री असताना वीज आणि पाणी यांच्या मोठ्या योजनांमध्ये बाबासाहेबांनी घातलेले लक्ष हे आधुनिक साधनांकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीचीच साक्ष आहे. यंत्राला नकार देऊन मुक्ती मिळणार नाही. यंत्रावर सर्वांचा हक्क प्रस्थापित करूनच ती मिळेल. मेट्रो श्रीमंतांची आहे असे म्हणून आपण बाजूला झालो, तर ती खरोखरच त्यांची होऊन बसेल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, मोनोरेलच्या नूतनीकरणाची कालमर्यादा आणि दर महिन्याचा हिशेब जाहीर करावा. सेवा बंद असेल तोवर त्याच मार्गावर, त्याच भाड्यात बेस्टच्या पुरेशा बसगाड्या द्याव्यात. दोन, लोकल, मेट्रो, मोनो आणि बस यांचा एकच मासिक पास असावा. मे २०२३ पासून मेट्रो २अ आणि ७ वर ज्येष्ठांना, दिव्यांगांना आणि बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना २५ टक्के सवलत देण्यात आली; ती सर्व मार्गांवर आणि घरकामगार, सफाई कामगार, नाका कामगार यांनाही मिळावी. तीन, कलम ३४ मध्ये दुरुस्ती करून भाडे निश्चिती समितीत प्रवाशांचे प्रतिनिधी घ्यावेत. चार, मेट्रो मार्गालगत मिळणाऱ्या जादा एफएसआयच्या प्रीमियममधील ठरावीक वाटा त्याच पाचशे मीटरच्या आत मूळ रहिवाशांच्या घरांसाठी राखून ठेवावा. पाच, नव्या प्रत्येक प्रकल्पाच्या पर्यायांची तुलना मराठीत प्रसिद्ध करून वस्तीत जनसुनावणी घ्यावी. सहा, स्थानकांतील सफाई, सुरक्षा आणि तिकीट खिडकीची कामे कंत्राटदाराकडे सोपवून आरक्षणाला जी मागच्या दाराने बगल दिली जाते ती थांबवावी. गाडी चालवायला आधुनिक तंत्रज्ञान आणि फरशी पुसायला जुनीच जात, हे चालणार नाही.

या मागण्या निवेदनाच्या कागदावर राहू नयेत. चेंबूर, वाशी नाका, अँटॉप हिल, नायगाव, परळ येथील बुद्धविहारांतून आणि मंडळांतून प्रवासी समित्या स्थापन व्हाव्यात. कोणत्या स्थानकावर सरकता जिना बंद, कोठे दिवा नाही, कोठून बस मिळत नाही, याची नोंदवही ठेवावी. माहितीच्या अधिकारात अर्ज करावेत आणि गरज पडल्यास न्यायालयाचे दार ठोठावावे. त्यासाठी लागणारे कायदेशीर साहाय्य आमच्यासारखे वकील विनामूल्य देतील, एवढे आश्वासन आम्ही या स्तंभातून देतो.

संत गाडगे महाराजांनी आयुष्यभर हातात खराटा घेऊन लोकांची घाण झाडली आणि लोकांच्या डोक्यातली जळमटेही. त्यांच्या नावाच्या चौकात मोनोरेल संपते. तेथून निघणारी गाडी वेळेवर सुटावी, ती गरिबाच्या खिशाला परवडावी आणि त्याच्या वस्तीपर्यंत जावी, यापेक्षा अधिक काही आम्ही मागत नाही. यापेक्षा कमी मात्र आम्ही स्वीकारणार नाही.